फरक जाणवतोय ना?

जपानमधल्या काही संगीतवेड्या मंडळींनी आपल्या घराच्या आवारात स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभा करून घेतला आहे. खांबावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून दिवाणखान्यात उतरणारी स्वतःची वायर. शेजाऱ्यांच्या फ्रिजने आणि वॉशिंग मशीनने उष्टावलेली वीज आपल्या अॅम्प्लिफायरच्या तोंडी लागू नये, एवढाच हेतू. २०१६ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ही हकीकत छापली तेव्हा एका खांबाचा खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास दिला होता. आमच्या आजीचं सोवळं एका धाबळीत भागायचं.

बातमी वाचून बहुतेक जण हसले असतील. आमच्या सोसायटीतले काका हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "खांबाला सोसायटीची एनओसी लागेल का हो?"

काका म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. लोकांचे कर्जाचे अर्ज संशयाने वाचण्यात त्यांची हयात गेली. जामीनदाराची सही जरा तिरकी दिसली तरी फाइल परत पाठवणारा हा माणूस. पण चकचकीत माहितीपत्रकात 'सात वेळा शुद्ध केलेलं तांबं' असं छापलेलं दिसलं की काकांच्या अंगातला बँक अधिकारी रजेवर जातो. विजेच्या बाबतीत मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "काका, कोयनेत पाणी टर्बाइनवर पडतं, तिथून वीज निघते. डोंगर-दऱ्या ओलांडत पोलादी गाभ्याच्या अॅल्युमिनियमच्या तारांवरून येते, दोन-चार सबस्टेशनं पालथी घालते, आपल्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून जिन्याखालच्या मीटरमध्ये शिरते, भिंतीतल्या जुन्या वायरीतून तुमच्या प्लगपर्यंत पोचते. एवढ्या प्रवासानंतर शेवटच्या दोन मीटरसाठी तिला चांदीची वायर दिली, तर तिच्यात काय सुधारणा होणार?" काका शांतपणे म्हणाले, "शेवटचे दोन मीटरच तर महत्त्वाचे."

यावर उत्तर नसतं.

या छंदातला खरा नाट्यप्रसंग असतो बैठकीचा. काकांनी काही नवीन आणलं की रविवारी संध्याकाळी बोलावणं येतं. दारं-खिडक्या बंद, मोबाइल बाहेर, आणि मे महिना असला तरी पंखा बंद, कारण पंख्याच्या घरघरीत बारकावे बुडतात. कोचावर बरोबर मध्ये, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, एकच माणूस बसू शकतो. तो मान पाहुण्याचा. मग काका दिवा मंद करतात आणि लावतात ती स्वीडनची एक रेकॉर्ड, 'जाझ अॅट द पॉनशॉप'. १९७६ साली स्टॉकहोममधल्या एका क्लबात ती ध्वनिमुद्रित झाली आणि उंची ध्वनियंत्रांची दुकानं जगभर गिऱ्हाइकाला तीच ऐकवत आली आहेत. काकांना जाझ आवडत नाही. पण त्या क्लबातल्या ग्लासांची किणकिण त्यांना पाठ आहे. सव्वा मिनिटाला डावीकडच्या टेबलावर कोण काय ठेवतो ते ते मला बोटाने दाखवतात.

गाणं संपतं. काका पुढे झुकतात. "फरक जाणवतोय ना?"

आता तुम्ही काय म्हणाल? नाही म्हणालात तर तुमचे कान गेले, तुम्ही औरंगजेब. शिवाय टीपॉयवर काकूंनी करून ठेवलेल्या साबुदाणावड्यांवर तुमचा नैतिक हक्क राहत नाही. म्हणून तुम्ही म्हणता, "हो... म्हणजे... जरा मोकळं वाटतंय." काका टाळी देतात. "हवा! हवा वाढलीय!" पुढच्या पाहुण्याला ते सांगतात की अमुक अमुक यांनाही फरक लगेच कळला. आणि पुढचा पाहुणा, तुमचा दाखला समोर असताना, कशाला वाकड्यात शिरेल? माझं मत असं झालंय की या क्षेत्रातले निम्मे शोध असे भिडेखातर लागलेले आहेत.

काकांच्या बोलण्यात तीन शब्द कायम येतात. एक 'हवा'. दुसरा 'काळीभोर शांतता', म्हणजे दोन सुरांमधली जागा. तिसरा 'पडदा'. प्रत्येक नव्या वस्तूने 'एक पडदाच दूर झाला हो!' मी त्यांना ओळखतो तेवढ्या काळात इतके पडदे दूर झाले आहेत की सुरुवातीला त्यांना गाणं ऐकू तरी कसं येत होतं, हेच कळत नाही. "अहो, हिलासुद्धा स्वयंपाकघरातून फरक कळला," असंही ते सांगतात. मी काकूंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मी फक्त आवाज कमी करा म्हटलं होतं."

तर वायरी. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पीकरची वायर हा बोलण्याचा विषय नव्हता. टेबललॅम्पला लागते तसली दुपदरी वायर लोक वापरत आणि गाणी ऐकत. त्याच सुमारास अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि वायर ही स्वतंत्र, नाव असलेली, डब्यात बसून येणारी वस्तू झाली. खरं तर हिशेब सोपा आहे. आपला इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतो ती साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर. तिचा रोध साधारण ०.०४ ओहम. स्पीकरचा ८ ओहम. म्हणजे वायर विजेच्या वाटेत जो अडथळा आणते तो स्पीकरच्या तुलनेत अर्धा टक्का. हा अर्धा टक्का वाचवण्यासाठी दीड लाख रुपये देणारा माणूस भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं हुज्जत घालतो, हे मी पाहिलेलं आहे.

२००७ साली जादूगार आणि भोंदूगिरीचे कट्टर विरोधक जेम्स रँडी यांनी उघड आव्हान दिलं. पेअर नावाच्या कंपनीची 'आंजू' ही स्पीकर केबल होती, बारा फुटी जोडीला ७,२५० डॉलर. ही केबल आणि एक नेहमीची चांगली केबल यांच्यातला फरक न बघता, नुसता ऐकून सांगा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नावाजलेले समीक्षक तयारही झाले. मग केबल कंपनीने अंग काढून घेतलं, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर ठपका ठेवला आणि परीक्षा झालीच नाही. मला यात कंपनीचा शहाणपणाच दिसतो. सात हजारांची वस्तू विकणाऱ्याने दहा लाख जिंकायच्या भानगडीत पडू नये. हरला तर दुकान बंद.

काही वायरींवर बाण छापलेला असतो. संगीत कोणत्या दिशेने जावं, त्याची खूण. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते, स्पीकरच्या वायरीतली सेकंदाला हजारो वेळा. बाणाकडे बघून तिने नेमकं काय करायचं? तरीही दिशादर्शक फ्यूज मिळतात, शेकडो डॉलरचे. काकांनी एक बसवला, मग उलटा बसवून पाहिला, मग पुन्हा सुलटा. तिन्ही वेळा पडदा दूर झाला. २००८ मध्ये डेनॉन या मान्यवर कंपनीने दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली, तिच्यावरही बाण होते. नेटवर्क केबलमधून जातात ते आकडे, शून्य आणि एक. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. तुमच्या पगाराची रक्कम बँकेच्या साध्या वायरीतून आली म्हणून तिच्यातला खर्ज कमी झालेला नसतो.

आणि वायर मुरावी लागते म्हणे, लोणच्यासारखी. कोणी शंभर तास सांगतं, कोणी चारशे. या काळात आवाज आवडला नाही तर दोष तुमच्या उतावीळपणाचा. रोज तासभर ऐकणाऱ्या माणसाची दोनशे तासांची मुदत भरेपर्यंत दुकानाची माल परत घ्यायची मुदत उलटून महिने झालेले असतात. मुरतो तो कान. नव्या आवाजाची त्याला सवय होते, इतकंच. पण कान मुरवायला कोणी पैसे देत नाही.

हे सगळं मिटवायची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. 'अ' ऐकवा, 'ब' ऐकवा, मग त्यातलंच एक न सांगता लावा आणि विचारा, हे कोणतं? असं सोळा वेळा करा. बारा वेळा बरोबर आलं तर मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारापेक्षाही कमी. फक्त एक अट, दोन्हींचा आवाज मोजून सारखा हवा. कारण जरासा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता 'चांगला' वाटतो. विक्रीला बसलेल्या मंडळींना हे फार आधीपासून ठाऊक आहे. महाग यंत्राच्या पाळीला खुंटी केसभर पुढे गेलेली असते.

१९८७ च्या जानेवारीत 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने अॅम्प्लिफायरची अशी आंधळी परीक्षा घेतली. दोनशे डॉलरच्या साध्या पायोनियरपासून बारा हजारांच्या व्हॉल्व्हवाल्या यंत्रापर्यंत सगळे रांगेत. श्रोत्यांमध्ये फरक आहे मानणारे आणि न मानणारे, दोन्ही. उघड्या डोळ्यांनी फरक छान सांगता आला, पडद्याआड सगळ्यांचीच गाडी अंदाजावर आली. इथे पडदा दूर करायचा नसतो, लावायचा असतो. पुढे १९९४ मध्ये हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकवले, एकदा दाखवून आणि एकदा झाकून. दाखवल्यावर मोठ्या, देखण्या खोक्यांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे उतरले. खोकी तीच, गाणी तीच. त्यात अनुभवी मंडळीही होती हे विशेष. एक मात्र खरं, झाकलेल्या स्पीकरांमध्येही फरक कळत होता, चांगला-वाईट ठरवता येत होतं. स्पीकर खरोखरच वेगवेगळे वाजतात. त्याकडे परत येऊ.

काकांना मी म्हटलं, तुमची परीक्षा घेऊ. ते म्हणाले, "परीक्षेच्या ताणाने कान बंद होतात." यात तथ्य असेलही. पण मग बारा वायरींतून एक निवडताना, दुकानात, सेल्समन खांद्याशी उभा असताना, क्रेडिट कार्ड हातात असताना कान उघडे कसे राहतात?

पुढचा अध्याय डिजिटलचा. सोनी आणि फिलिप्सची सीडी १९८२ मध्ये आली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घ्यायची, हा तिचा हिशेब. माणसाला ऐकू येणारी वरची मर्यादा वीस हजार हर्ट्झ, आणि तिच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद घेतली तर मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्येच मांडून ठेवलं होतं. 'जशीच्या तशी' हे शब्द इथे गणिताच्या अर्थाने आहेत. तरी काका वर्तमानपत्राच्या समासात पायऱ्या काढून दाखवतात. "हे बघा डिजिटल, पायऱ्या-पायऱ्या. आणि हे अॅनालॉग, गुळगुळीत." पायऱ्या कागदावरच असतात. यंत्रातून बाहेर येते ती गुळगुळीतच लहर. पण चित्र इतकं पटण्यासारखं आहे की गणित बिचारं उभंच राहत नाही.

म्हणून आता सीडीच्या चौपट नोंदींच्या फायली विकत मिळतात, आणि त्या वाजवायला चाळीस हजार हर्ट्झपर्यंत जाणारे स्पीकर. इतक्या वरचा आवाज वटवाघळांना व्यवस्थित ऐकू येतो. माणसाचा वरचा कान वयाबरोबर झडत जातो. साठीच्या घरातल्या बहुतेकांना बारा हजारांच्या वर फारसं काही हाती लागत नाही. ज्या वयात या वस्तू परवडतात त्या वयात त्या ऐकू येत नाहीत, अशी ही निसर्गाची व्यवस्था आहे. बोस्टनच्या दोन संशोधकांनी, मायर आणि मोरान यांनी, २००७ मध्ये उंची ध्वनिमुद्रण थेट, आणि तेच सीडीच्या मापातून गाळून, असं लोकांना ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. रुपया उडवला असता तरी एवढंच आलं असतं आणि रुपया खिशात परत गेला असता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या जरा वर निघालं, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांचं त्याहून चांगलं. म्हणजे फरक आहे, नुसत्या अंदाजापेक्षा शंभरात दोन उत्तरं जास्त बरोबर येण्याइतका. काकांनी हा आकडा फ्रेम करून लावायचा बाकी ठेवलाय.

डिजिटल नको तर रेकॉर्डी. इथली गोष्ट मला सगळ्यात आवडते. कॅलिफोर्नियाची मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या गाजलेल्या रेकॉर्डी मूळ टेपवरून पुन्हा काढते. गिऱ्हाईक जाणकार, काही रेकॉर्डींची किंमत शंभर डॉलर आणि वर. ते एका सुरात सांगत, ऐका, ही अॅनालॉगची ऊब, हिला डिजिटलचा स्पर्श नाही. मग कंपनीने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर केलं. काहींच्या डोक्यात शंका आली. ज्या रीतीने या प्रती निघतात, तिच्यासाठी मूळ टेप डझनावारी वेळा फिरवावी लागेल. जुनी, मौल्यवान टेप कोण एवढी झिजवू देईल? २०२२ च्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने हे जाहीरपणे विचारलं आणि कंपनीच्या तंत्रज्ञांनी कबूल केलं की २०११ पासून पुष्कळ रेकॉर्डींच्या मध्ये एक डिजिटल पायरी आहे.

दहा वर्षं! जगातले सगळ्यात तयार कान, सगळ्यात महागडी यंत्रं, आणि दहा वर्षं कोणाच्या कानाला ती पायरी लागली नाही. उलट त्यातल्याच रेकॉर्डी अॅनालॉगचा नमुना म्हणून ऐकवल्या जात होत्या. हे कळल्यावर पुरोहिताने पूजेचं पाणी नळाचं होतं असं सांगावं तसा हाहाकार उडाला. खटला झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. रेकॉर्डी मात्र आदल्या दिवशी वाजत होत्या तशाच दुसऱ्या दिवशी वाजत होत्या. काकांकडे त्यातल्या दोन आहेत. ते म्हणतात, "मला आधीपासून जरा कोरडंच वाटत होतं."

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरबद्दल मात्र मी काकांना बोलत नाही. अंधारात नारिंगी उजेड देणाऱ्या त्या काचेच्या नळ्या आवाजात भेसळ करतात हे मोजून दाखवता येतं. पण भेसळ कसली? मुख्यतः मूळ सुराच्या दुप्पट कंपनाची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची, आणि थोडी त्याच्याही वरच्या पंचमाची. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण पिढ्यानपिढ्या मन लावून जे करत आलो, त्या जवारीतून असलेच वरचे स्वर उमलतात. ज्या देशात जवारी काढणाऱ्या कारागिराला मिरजेपर्यंत शोधत जातात, तिथल्या कानांना ही भेसळ गोड लागली तर नवल नाही. फक्त तिला 'शुद्ध' म्हणू नये. आवडते म्हणावं. पण 'मला आवडतं' एवढं सांगून कोणी दोन लाखांचं बिल घरी दाखवू शकत नाही, त्यासाठी 'शुद्ध' लागतं.

आपल्याकडे फसवणूक फक्त श्रीमंतांची झाली असं समजू नये. नव्वदच्या दशकातले डबल कॅसेटचे डेक आठवा. पुढे सोनेरी अक्षरांत '२००० वॅट पीएमपीओ', मागे बारीक अक्षरांत वीज खर्च तीस-चाळीस वॅट. चाळीस वॅट पिऊन दोन हजार वॅट गाणारं हे यंत्र ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दहा बाय दहाच्या खोलीत मोडत होतं आणि शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे मास्तरही तेच विकत घेऊन आले होते. आणि ही परंपरा थेट एडिसनपर्यंत जाते. १९१५ पासून त्याची कंपनी गावोगावच्या नाट्यगृहांत 'टोन टेस्ट' भरवी. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ, दिवे घालवायचे, आणि कोण गातंय ते लोकांनी ओळखायचं. लोकांना ओळखता येत नसे. त्यातली गोम अशी की गायिका आपला गळा फोनोग्राफच्या बेताने आवळून गात. यंत्र माणसासारखं होईना, तेव्हा माणसाला यंत्रासारखं व्हायला सांगितलं. पगार मिळत असेल तर माणूस होतोही.

मग फरक पडतो तरी कशाने? स्पीकरने, आणि त्याहून जास्त खोलीने. आपल्या फ्लॅटमधली खोली म्हणजे दहा बाय बारा, उंची जवळपास दहा फूट, खाली चकचकीत टाइल्स, चारी भिंती उघड्या. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, दहा फुटांमध्ये ५६ चा. रुंदी आणि उंची सारखी असली की तोच सूर दोन बाजूंनी घुमतो. त्यामुळे खर्जातला एखादा सूर एका जागी छाती दणाणून सोडतो आणि दोन पावलं सरकलं की गायब. हा फरक अर्ध्या टक्क्याचा नाही, दसपट-वीसपट आहे, आणि तो कळायला औरंगजेबही चालेल. त्यावर उपाय म्हणजे स्पीकर कोपऱ्यातून ओढून पुढे आणणे, कोच मागच्या भिंतीपासून सुटा करणे, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट, भिंतीला टेकवलेली एखादी कापसाची गादी. खर्च जवळजवळ नाही.

आणि इथेच सगळं घोडं पेंड खातं. स्पीकर पुढे आणले की बाल्कनीचं दार उघडत नाही. कोच हलवला की टीव्ही तिरपा दिसतो. दर्शनी खोलीत गादी उभी करायची कल्पना काकांनी एकदा मांडली होती, ती काकूंनी पूर्ण होऊ दिली नाही, आणि माझं मत काकूंच्या बाजूने आहे. दीड लाखाची वायर कपाटामागे दिसेनाशी होते. दीड हजाराची गादी होत नाही. शिवाय वायरीची किंमत सांगताना काका एक शून्य गाळू शकतात, गादीत गाळायला शून्यंच पुरेशी नसतात. वायरींचा हा एवढा मोठा धंदा तांब्याच्या गुणांवर उभा आहे असं लोक समजतात. तो उभा आहे घरात फर्निचर हलवता येत नाही म्हणून.

काकू स्वतः गाणं शिकलेल्या आहेत. डिसेंबरात सवाई गंधर्वला जातात, चार-चार तास भारतीय बैठकीवर मांडी घालून मांडवातल्या कर्ण्यांतून येणारं गाणं ऐकतात आणि हवा, पडदा, शांतता यांतलं काहीही न बोलता डोळे पुसत घरी येतात. घरी त्या स्वयंपाकघरातल्या मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतात. काकांच्या बैठकीला फारशा बसत नाहीत. पण परवा बसल्या.

काकांनी नवीन वायर लावून दोन-तीन महिने झाले होते आणि या वायरीने सगळ्या वायरींवर कडी केली होती. "आवाज खोलीभर पसरतो. स्पीकर कुठे आहेत ते कळतच नाही. एवढी हवा मी आयुष्यात ऐकली नाही," असं ते भेटेल त्याला सांगत होते. मीही रविवारी मध्यावर बसून ऐकलं होतं आणि वड्याला जागून मान डोलावली होती. परवा त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. पाच मिनिटं झाली असतील. काकू म्हणाल्या, "मन्सूर समोर बसत का नाहीत? भिंतभर पसरलेत."

"यालाच साउंडस्टेज म्हणतात," काका म्हणाले.

"असेल. पण डग्गा कुठे गेला? नुसती चाट ऐकू येतेय."

काका काही बोलले नाहीत. मी उठून कपाटामागे डोकं घातलं. उजव्या स्पीकरला लाल टोकाच्या जागी लाल होतं. डाव्याला लालच्या जागी काळं. एक पडदा पुढे जात होता तेव्हा दुसरा मागे, दोघं मिळून सगळा खर्ज एकमेकांत खाऊन टाकत होते आणि उरलेला आवाज जागा न सापडून खोलीभर भटकत होता. टोकं अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं. पुन्हा लावलं. मन्सूर दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये येऊन बसले, डग्गा घुमला, खिडकीची काचसुद्धा किंचित वाजली.

"आता कसं," काकू म्हणाल्या.

काका बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. चेहऱ्यावर समाधान दिसेना. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण हवा गेली."

काकू उठल्या आणि त्यांनी पंखा पाचावर केला.